बर्फाचे पैसे आणि खिडकीतला कागद

परवा आमच्या न्यू जर्सीतल्या एचओएचं, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीचं, पत्र आलं, सोबत माझ्याच खिडकीचा रंगीत फोटो. काचेला आतून चिकटवलेला एक कागद, त्याच्याभोवती लाल गोल, आणि मजकूर असा की विनापरवाना फलक ताबडतोब काढा नाहीतर रोजचा दंड. फलक म्हणजे काय, तर साधा प्रिंटरचा कागद, त्यावर मार्करने इंग्रजीत "बर्फाचे पैसे कुठे गेले?" बर्फ उचलायच्या नावाखाली मेन्टेनन्स वाढवला आणि जानेवारीत ट्रक आला तो बर्फ वितळल्यावर, म्हणून विचारलं. समोरच्यांच्या अंगणात हॅलोविनपासून बारा फुटी सांगाडा उभा आहे, डिसेंबरात त्याला सांताची टोपी होती, आता ईस्टरचे सशाचे कान आहेत, त्याला पत्र नाही. तो काही विचारत नाही ना.

रागारागात बाहेर आलो तर शेजाऱ्याचे वडील ड्राइव्हवेमध्ये खुर्ची टाकून ऊन खात बसलेले. डोंबिवलीहून सहा महिन्यांसाठी आलेत. म्हटलं आपला माणूस आहे, दोन शब्द सहानुभूतीचे मिळतील. काकांनी चष्मा लावला, पत्र सावकाश वाचलं, उलटून मागे काही आहे का तेही बघितलं आणि म्हणाले, "ड्राफ्टिंग छान आहे."

"काका, ड्राफ्टिंग काय बघताय, अन्याय बघा!"

"अरे, जावक क्रमांक टाकलाय बघ. आमच्याकडे सांगून सांगून थकलो, कोणी टाकत नाही."

मग कळलं की काका त्यांच्या सोसायटीचे वर्षानुवर्षं सेक्रेटरी होते. त्यांच्याकडे नोटीस बोर्डाला काचेचं दार आहे, दाराला कुलूप आहे आणि चावी काकांकडे.

"म्हणजे बाकीच्यांनी काही लावायचं असेल तर?"

"बोर्ड सगळ्यांसाठीच आहे. वाचायला."

एकदा कोणीतरी काचेवरच बाहेरून कागद चिकटवला होता म्हणे, की टाकी शेवटची कधी धुतली.

"मग धुतली?"

"छे रे. काचेसमोर ग्रिल लावली."

"आणि व्हॉट्सॲप ग्रुप?"

"ओन्ली ॲडमिन."

"मग माणसाने बोलायचं कुठे, काका?"

"एजीएममध्ये! शेवटचा विषय असतो की, माननीय अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय."

"आणि देतात परवानगी?"

"तोपर्यंत बटाटेवडे आलेले असतात," काका म्हणाले, आणि खिशातून जुडगा काढून त्यातली एक बारकी पितळी चावी मला दाखवली. नोटीस बोर्डाची. न्यू जर्सीत. सेक्रेटरीपद सोडलं तरी चावी द्यायची राहून गेली म्हणे.

मी शेवटचं अस्त्र काढलं, म्हटलं काका ही अमेरिका आहे, इथे फर्स्ट अमेंडमेंट आहे, राज्यघटनेतली बोलण्याच्या स्वातंत्र्याची हमी. आणि रात्री वाचत बसलो तर काय, फर्स्ट अमेंडमेंट हात बांधते ते सरकारचे. 1994 साली मिसूरीतल्या लाड्यू गावाच्या नगरपालिकेला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बाईंनी खिडकीत युद्धविरोधी पाटी लावली तर तुम्ही बंदी घालू शकत नाही. पण ती नगरपालिका. एचओए म्हणजे खासगी मंडळी, आपणच सही करून आत शिरलेलो. न्यू जर्सीची स्वतःची राज्यघटना थोडी उदार आहे खरी, तरी 2007 साली इथल्याच ट्विन रिव्हर्स वसाहतीतले लोक पाट्यांच्या नियमावरून कोर्टात हरले. नियम काय होता, तर प्रत्येक खिडकीत एक पाटी आणि फुलांच्या वाफ्यात एक. म्हणजे हरलेल्यांना जेवढं होतं तेवढंसुद्धा मला नाही! मग पार्सिपनीचे एक खान नावाचे गृहस्थ, नगर परिषदेला उभे होते, त्यांनी टाउनहाउसच्या दारा-खिडकीत स्वतःच्या प्रचाराची पाटी लावली. तिथे फक्त "घर विकणे आहे" या पाटीला परवानगी. निघून चाललोय हे सांगायची मुभा, राहतोय म्हणून काही बोलायची नाही. ते जिंकले. 2014 ला फोर्ट लीच्या एका इमारतीतले गृहस्थपण जिंकले, बोर्डावर टीका करणारी पत्रकं दाराखालून सरकवल्याबद्दल त्यांना अडवलं होतं आणि बोर्ड स्वतः मात्र विरोधकांवर टीका करणारे कागद खुशाल वाटत होतं.

सकाळी हे सगळं काकांना ऐकवलं. काकांनी नेमका नको तो प्रश्न विचारला. "त्या खानांची निवडणूक कधी होती?" म्हटलं 2005. "आणि कोर्टाचा निकाल?" म्हटलं 2012. काका काही बोलले नाहीत, फक्त चहाचा घोट घेतला.

आणि खरंच, कोण जाणार आहे कोर्टात एका कागदासाठी? माझा वकील मी बघायचा, त्यांच्या वकिलाची फी मेन्टेनन्समधून, म्हणजे तीही मीच. कायद्याने वाद मिटवायला मध्यस्थीची सोय द्यावी लागते, ती आहे आमच्याकडे, तीन जणांची समिती, तिघांनाही बोर्डानेच नेमलंय आणि त्यातली एक सांगाडेवाली आहे. लोकांनाही काही पडलेली नसते. चौघे शेजारी भेटून म्हणाले तुझं बरोबर आहे हां, अगदी बरोबर. म्हटलं मग तुम्हीपण लावा ना एकेक कागद, तर एकाला मुलाच्या सॉकरची घाई आणि बाकीच्यांना घर विकायचंय.

शेवटी बोर्डाच्या मीटिंगला गेलो. ओपन फोरममध्ये प्रत्येक घरमालकाला तीन मिनिटं. माझी तीन मिनिटं अध्यक्षबाईंनी फोनवर टायमर लावून मोजली, खान साहेबांपर्यंत पोचलो आणि टायमर वाजला. बर्फाच्या पैशांवर उत्तर एकच, "नोंद घेतली आहे." मग मुलासोबत सहज आलेल्या काकांनी हात वर केला. ना घर त्यांचं, ना मत, ना देश. अध्यक्षबाईंनी कौतुकाने बोला म्हटलं. काका उभे राहिले आणि डोंबिवलीच्या नोटीस बोर्डावर बोलायला लागले, काच, कुलूप, ग्रिल, सगळं, मध्ये चावी काढून सभेत फिरवली, आणि टायमर कोणी लावलाच नाही. शेवटी टाळ्या पडल्या.

पुढच्या मीटिंगचा अजेंडा काल ईमेलवर आलाय. बर्फाच्या पैशांचा विषय नाही. विषय क्रमांक दोन, क्लबहाउसबाहेर कुलूपबंद नोटीस बोर्ड, अंदाजपत्रक मंजूर करणे.