विंडोज संपलं

आमच्याकडे सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेतली एक फाईल आहे. विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइड अशा चार सुना तिच्यात एकत्र नांदतात आणि प्रत्येकीच्या खोलीला 'हॅश इफडेफ'चं कुलूप, म्हणजे 'अमकी सिस्टिम असेल तरच या ओळी घ्या' अशी अट. परवा तिथलं एक फंक्शन वाचायची पाळी माझ्यावर आली. दोन ओळी विंडोजच्या, एक सगळ्यांची, मधेच मॅक, की परत विंडोज. महिरपी कंस उघडतो विंडोजमध्ये, बंद होतो लिनक्समध्ये. तळाशी अट संपवणारा 'एंडइफ', शेजारी कुणीतरी प्रेमाने लिहिलंय, 'विंडोज संपलं'. प्रत्यक्षात संपलेलं असतं अँड्रॉइड.

बरं, नावांवर तरी भरवसा ठेवावा? 'विन ३२'चा मॅक्रो, म्हणजे ज्या नावावरून कुलूप उघडतं ते नाव, ६४ बिटी विंडोजवरही खराच. लिनक्सचा मॅक्रो अँड्रॉइडवरही हजर, म्हणून अँड्रॉइडची चौकशी आधी करायची, नाहीतर लिनक्स तिला गिळतो. 'टार्गेट ओएस मॅक' तर आयफोनवरही १ असतो! आणि 'हॅश इफ'मध्ये मॅक्रोचं स्पेलिंग चुकलं, तर कोडचा प्रोग्राम बनवणारा कंपायलर बापडा त्याला शून्य समजून पुढे जातो. एरवी एका अर्धविरामासाठी घर डोक्यावर घेणारा हा प्राणी इथे मात्र मिठाची गुळणी धरतो.

सगळ्यात मजा प्रोग्रामला थांबवणाऱ्या 'स्लीप'ची. विंडोजचा स्लीप मिलिसेकंद मोजतो, युनिक्सचा, म्हणजे बाकी तिघींचा, सेकंद. कुणीतरी ५००० हा आकडा दोन्हीकडे चिकटवला. विंडोजवर प्रोग्राम पाच सेकंद डुलकी काढतो, लिनक्सवर सव्वा तासाहून जास्त. तक्रार आली तेव्हा आमच्यातल्या एकाने 'सर्व्हर स्लो आहे' असं ठोकून दिलं होतं.

हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी १९९२ मध्येच इफडेफच्या सुळसुळाटावर निबंध लिहून ठेवलाय. मथितार्थ असा, की फरक एका कोपऱ्यात कोंडा, सगळ्या कोडभर सांडू नका. म्हणून मी 'इतके मिलिसेकंद थांब' असं एकच फंक्शन जाहीर केलं, त्याचा विंडोजी अवतार एका फाईलीत आणि युनिक्सी दुसऱ्या फाईलीत ठेवला. कुठली घ्यायची ते फायली जुळवून प्रोग्राम बांधणाऱ्या बिल्डने बघावं. मूळ फंक्शन आता मोबाइलच्या स्क्रीनवरही मावतं.

रिव्ह्यूत साहेबांचा शेरा आला : "छान. पण फायली का वाढल्या?"

मी कारण लिहिलं. त्यांना पटलं. लगेच दुसरा शेरा : "अँड्रॉइडला लिनक्सच्या फाईलीत एक छोटासा इफडेफ टाकून बसवता येईल का?"