पान १४, ओळ ६

आज सकाळी मंडळाची स्मरणिका घरी आली आणि तेव्हापासून माझे कशातच लक्ष लागलेले नाही. मंडळाचे नाव लिहीत नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या माणसांना ते सांगायची गरजही नाही. पानिपताच्या स्मृतिदिनानिमित्त निघालेल्या या अंकासाठी मी बापूआजोबांवर, म्हणजे माझ्या आजोबांच्या धाकट्या भावावर, दीड पानाचे टिपण दिले होते. ग्वाल्हेर संस्थानाच्या फौजेतून ते ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेले आणि १९४४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, इस्पितळात हिवतापाने वारले. मी तसेच लिहिले होते. छापून आले आहे ते असे : ‘शत्रूशी झुंजता झुंजता धारातीर्थी पतन पावले.’

संपादकांना फोन केला. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, “अहो, वाचणाऱ्याला स्फूर्ती मिळायला नको का? तापाने काय, कोणीही मरतो.”

कोणीही मरतो! धारातीर्थ म्हणजे तलवारीच्या धारेचे तीर्थ. त्या जंगलातल्या चिखलात आणि डासांत ही तलवार यांनी कोठून आणली? त्या सैन्याचे सेनापती जनरल स्लिम यांनीच लिहून ठेवले आहे की, १९४३ साली आघाडीवरून एक जखमी मागे आणावा लागे तेव्हा त्याच्यामागे आजारी मात्र एकशे वीस आणावे लागत. म्हणजे बापूआजोबांचे मरण अपवादातले नव्हे. ते त्या युद्धातले नित्याचे दुखणे होते. वीरकथेत मात्र एकशे वीसजणांना जागा नाही, त्या एकालाच आहे.

त्यांच्या सामानाचे जे पार्सल घरी आले त्यात वस्तरा, दोन धोतरे आणि पानाचा पितळी डबा होता. डब्यात चुन्याच्या डबीखाली पुरचुंडीत बांधलेल्या पिवळ्याधमक गोळ्या होत्या. त्या काय आहेत हे घरात कोणालाच कळले नाही. पुष्कळ वर्षांनी आमच्या डॉक्टर आतेभावाने त्या मेपाक्रिनच्या, म्हणजे हिवतापावरच्या, असल्याचे सांगितले. त्या गोळ्यांनी अंग पिवळे पडे आणि पुरुषत्व जाते अशी सैनिकांत अफवा होती, त्यामुळे पुष्कळजण त्या चुकवीत. बापूआजोबांचे लग्न होऊन तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. आता यात शौर्य शोधा नाहीतर शोकांतिका शोधा. मला दिसते ते एवढेच की, घरी परत येऊन संसार करायचा म्हणून या मुलाने गोळ्या पुरचुंडीत बांधून ठेवल्या.

पानिपतावर आपण सगळे पोसलेलो आहोत, म्हणून तिथलेच सांगतो. १७६१ च्या जानेवारीत, पराभवाची बातमी उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना ज्या सावकारी पत्रातून कळली, त्यात दोन मोत्ये गळाल्याचे, सत्तावीस मोहरा हरवल्याचे आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नसल्याचे लिहिले होते. मोत्ये म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. त्या दोन मोत्यांवर अडीचशे वर्षे आपण पोवाडे, नाटके, कादंबऱ्या रचत आलो. खुर्द्याचे काय? तो सांकेतिक मजकूर होता, लिहिणाऱ्याला दोष देता येत नाही हे मान्य. पण पुढे आपल्या वाङ्मयानेही हिशेब त्याच नाण्यांत ठेवला. मराठीत सैनिक ‘कामी येतो’ किंवा ‘खर्ची पडतो’. हे शब्द जमाखर्चाच्या वहीतले आहेत हे एकदा ध्यानात आले की कान किटतात.

बरे, वीररस नको तर करुणरस घ्या, असे म्हणणारे मित्रही माझ्या यादीत आहेत आणि त्यांचाही मला आज तितकाच राग येतो आहे. पहिल्या महायुद्धात लढलेला इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी मारला गेला आणि युद्ध संपल्याच्या घंटा वाजत असताना त्याच्या आईच्या हाती तार पडली, ही हकिगत आपण किती चवीने सांगतो! मीही सांगितली आहे. ती खरी आहे, आणि ओवेनने शौर्याच्या भाषेचे ढोंग उघडे पाडले हेही खरे. पण आपल्याला ती आवडते ती तिच्या घडणीसाठी. ज्याची तार अशा ऐन वेळी येत नाही, एखाद्या मंगळवारी दुपारी भांडी घासून झाल्यावर येते, त्याच्यावर कविता होत नाही.

दत्ताजी शिंद्यांचे बुराडी घाटावरचे ‘बचेंगे तो और भी लढेंगे’ इथल्या प्रत्येक मराठी घरातल्या मुलाला पाठ असते. मलाही होते, आणि अजूनही ते उच्चारताना अंगावर काटा येतो, हे लपवत नाही. पण त्याच घरातले महादजी पानिपतावरून पायाला घाव लागून निसटले. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना बैलावर घालून वाचवले. ते जगले म्हणून पुढचा इतिहास घडला आणि आपण सगळे या गावात आलो. पखाल वाहणाऱ्या त्या माणसाचे नाव आपल्या सभांत वर्षातून किती वेळा घेतले जाते?

काकीआजी, म्हणजे बापूआजोबांच्या पत्नी, सत्त्याऐंशी वर्षांच्या होऊन गेल्या. फुलबागेतल्या झाशीच्या राणीच्या समाधीवरून जाताना त्या न चुकता हात जोडत, आणि कोणी ‘वीरपत्नी’ म्हटले तर त्यांना बरे वाटे, हे मला कबूल केलेच पाहिजे. त्या शब्दाने त्यांना चारचौघींत मान मिळवून दिला. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या एकच विचारीत, “तापात घशाला कोरड पडते रे. तिथे त्यांना पाणी कोणी दिले असेल का?” लहानपणी मी दर वेळी ‘दिले असेल’ म्हणत असे.

संपादकांवर मघाशी मी आवाज चढवला, ते माझे चुकले. वयाने ते मोठे आहेत आणि अंकासाठी पदरमोड करतात. पुन्हा फोन करून क्षमा मागितली आहे. पुढच्या अंकात शुद्धिपत्र छापायला ते कसेबसे तयार झाले आहेत. मजकूर मी लगेच पाठवून दिला :

पान १४, ओळ ६ : ‘शत्रूशी झुंजता झुंजता धारातीर्थी पतन पावले’ याऐवजी ‘हिवतापाने वारले’ असे वाचावे.