वकीलसाहेब ‘ह’च्या खाली

सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीची यादी लिफ्टशेजारी लावायची, एवढंच काम होतं. गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत कॉम्प्युटर कळणारा मी एकटाच, असा चेअरमन नानांचा समज. (प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मलाच हाक.) मी मोबाइलवर छोटंसं ॲप केलं, आत एसक्यूलाइट. 2000 साली आलेला हा डेटाबेस एका एमबीच्या आत मावतो. नावं भरली, क्रम लावला, छापलं, चिकटवलं.

संध्याकाळी कासार दारात. “काळे माझ्या आधी कसे?”

नानांनी बोटं मोजली. “श, ष, स, ह, ळ. शाळेत गेला होतास ना?”

मी गेलो होतो, एसक्यूलाइट गेलं नव्हतं. त्याच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे युनिकोडमधला एक ठरलेला आकडा: ळ म्हणजे 2355 आणि स म्हणजे 2360. लहान आकडा पुढे, विषय संपला. क्ष तर त्याला अक्षरच वाटत नाही. क, हलन्त आणि ष असे तिघे एका बाकावर. त्यामुळे जन्मभर हजेरीपटाच्या तळाशी राहिलेल्या क्षीरसागरबाई थेट कोठावदे आणि खैरनार यांच्या मधे. “राहू दे रे तसंच,” बाई हळूच म्हणाल्या.

खरं प्रकरण वकिलांचं. आमच्याकडे दोन आहेत. 304 मधल्यांनी स्वतःचं नाव टाइप करून पाठवताना ‘अ’वर चंद्र दिला, 1002 मधल्यांच्या कीबोर्डवर ‘ॲ’ आयता होता. कागदावर दोन्ही ‘ॲड.’ जुळ्या भावांसारखे. पण आयत्या ॲचा आकडा 2418, म्हणजे ‘ह’च्याही पलीकडे. एक वकील अहिरेंच्या खालोखाल, दुसरे हांडग्यांच्याही खाली, शेवटच्या ओळीत. “हे मुद्दाम केलंय,” शेवटचे म्हणाले. पार्किंगचा जुना वाद होताच.

जगभरच्या भाषांचे क्रम जाणणारी आयसीयू नावाची लायब्ररी जोडता येते. पण ती या डेटाबेसच्या कित्येक पट मोठी. ॲक्टिव्हावर द्राक्षांचे वीस क्रेट लादल्यासारखं. मग तुलनेचा नियम मीच लिहिला. दोन नावं दिली की आधी कोण, ते त्यानं सांगायचं. रात्री दोन वाजता काळे कासारांच्या खाली गेले, दोन्ही वकील शेजारी बसले, आणि क्षीरसागरबाई, माफ करा, पुन्हा तळाला.

सकाळी नानांनी फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर उघडून यादी मागितली. उत्तर आलं, ‘नो सच कोलेशन सिक्वेन्स’, म्हणजे क्रमाचा असा नियमच नाही. नियम माझ्या ॲपमध्ये, फाइलमध्ये त्याचं नुसतं नाव.

“जाऊ दे ती बाराखडी,” नाना वैतागले. “फ्लॅट नंबरनं लाव.”

लावली. फ्लॅट नंबर मी आकडा म्हणून नव्हे, मजकूर म्हणून साठवलेत हे चिकटवल्यावर आठवलं. अक्षरागणिक पाहिलं तर 1002 हा 101 च्या आधी येतो. दहाव्या मजल्यावर आणखी कोणी राहत नाही, त्यामुळे वकीलसाहेब सगळ्यात वर.

त्यांनी यादीचा फोटो स्टेटसला ठेवलाय. खाली लिहिलंय, ‘अखेर न्याय मिळाला.’