'कयाक बुडत नाही, जॅकेट कशाला?' हा मेसेज पुढे ढकलणं बंद करा

माझ्या भाच्याला रामटेकच्या खिंडसी तलावावर चालवायला कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची छोटी अरुंद होडी, घ्यायची आहे, आणि कोणीतरी त्याला तो फिरणारा मेसेज पाठवला. कयाक बुडत नाही म्हणून लाइफ जॅकेटवर पैसे घालवू नका, रुंद कयाक उलटत नाही, १५० किलो लिहिलंय म्हणजे दोघं आरामात, लांबीनं फक्त किंमत वाढते, हवा भरून फुगवायची घेतली की कटकट नाही. पोरगं ऑर्डर टाकायलाच बसलं होतं!

आधी जॅकेटचं. अरे बापा, कयाक तरंगेल, पण तू तिच्यात राहशील का? वारा सुटला की रिकामी कयाक पोहणाऱ्याच्या पुढे निघून जाते, आणि पाय आत घालून बसायची असेल तर ती पाण्यानं भरते, मग तलावाच्या मधोमध एकट्यानं उपसून परत चढणं नवख्याच्या हातचं काम नाही. अमेरिकेच्या कोस्ट गार्डचा २०२३ चा अहवाल बघा, बोटींच्या अपघातात मेलेल्यांपैकी ७५ टक्के बुडून मेले आणि त्या बुडालेल्यांतल्या ८७ टक्के लोकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. इतक्या लांब तरी कशाला जायचं, २०१७ च्या जुलैत आपल्या नागपूरजवळच्या वेणा धरणात नाव उलटून तरणी पोरं गेली, विसरलो का आपण? चांगलं पोहता येतं आणि मदत जवळ आहे तर ५० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे जॅकेटच्या तरंगवण्याच्या ताकदीचं माप) चालतं, नाहीतर १०० चं घ्या, आणि खांद्याला धरून वर ओढून बघा, कानापर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही.

रुंदीचं अर्धं खरं आहे, मानतो. शांत पाण्यात रुंद कयाक डुगडुगत नाही, पण एका हद्दीपलीकडे कलली की सावरायला वेळ न देता उलटते.

१५० किलो म्हणजे माणूस, पाणी, डबा, सामान सगळं धरून शेवटची मर्यादा. एक तृतीयांश मोकळं ठेवा. माझा भाचाच नव्वदीचा आहे, वर मित्र कुठे बसवणार?

लांबीचं तर काहीच्या काही. आठ फुटी पटकन वळते पण दर वल्ह्याला नाक इकडेतिकडे, लांब पल्ला मारायचा तर बारा फुटांच्या आसपासची बघा.

हवेची फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला सोयीची आहे, डिक्कीत मावते, हे खरंच. फक्त नागपूरच्या मे महिन्यात गच्च भरून उन्हात ठेवू नका, आतली हवा फुगते आणि शिवण सुटते. पाण्याबाहेर काढली की थोडी हवा सोडायची.