‘फौजीले काय कमी शे?’ : फिरणाऱ्या मजकुराला मुद्द्यानिशी उत्तर

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या गावांच्या ग्रुपवर १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आसपास एक मजकूर हमखास फिरतो. शब्द इकडचे तिकडे होतात, आशय असा: ‘फौजी रिटायर झाला की आयुष्यभर पेन्शन, तो गेला तर बायकोला आपोआप पेन्शन, दवाखाना फुकट, सरकारी नोकरी राखीव, कॅन्टीन, टोल माफ, घरपट्टी माफ. सरकार एवढं देतं, मग गावानं शाल-नारळ दिलं म्हणजे झालं. फौजीले काय कमी शे?’

यातलं बहुतेक प्रत्येक वाक्य कुठल्या तरी खऱ्या नियमाला धरून आहे, म्हणून ते पटतं. पण नियम कोणाला लागू, किती, आणि हातात कोणता कागद असला तर, हे त्यात नाही. माजी सैनिकाच्या घरात गाडं अडतं ते तिथेच.

‘फौजी’ म्हणजे नेमकं कोण?

गावात वर्दीतून घरी आलेला प्रत्येक जण फौजीच. सैन्यातला, सीआरपीएफमधला, बीएसएफमधला, धुळ्याच्या राज्य राखीव पोलीस बलातला, सगळे. मान सगळ्यांचा सारखाच, पण सवलतींचे नियम सारखे नाहीत. ‘माजी सैनिक’ ही सरकारी ओळख फक्त भूदल, नौदल आणि हवाई दलातून नियमानुसार सुटलेल्यांना मिळते. सीआरपीएफ, बीएसएफचे जवान केंद्रीय गृह खात्याखाली येतात. त्यांच्यासाठी वेगळं कल्याण व पुनर्वसन मंडळ आहे, आणि १ जानेवारी २००४ पासून भरती झालेल्यांना साधारणपणे सैन्यासारखी जुनी पेन्शन नाही. अशा माणसाला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पाठवलं तर त्याचा दिवस आणि भाडं वाया जातं.

२०२२ च्या अग्निपथ योजनेतून भरती झालेली मुलं हा तिसरा गट. चार वर्षांनंतर त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के नियमित सेवेत घेतले जातात. बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी मिळतो. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) नाही, कॅन्टीन नाही. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना हे आधीच माहीत असायला हवं.

‘आयुष्यभर पेन्शन’

जवानाला पेन्शन लागू व्हायला किमान १५ वर्षांची सेवा लागते, अधिकाऱ्याला २०. त्याआधी सुटलेल्याला ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही. जुन्या काळी पाच-सात वर्षांत सुटून आलेले, आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरातले कितीतरी जण यात मोडतात. हवालदार हुद्द्यापर्यंतचा, ६५ वर्षांवरचा, पेन्शन नसलेला माजी सैनिक किंवा त्याची विधवा, यांना उत्पन्नाचं साधन नसेल तर केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा अनुदान मिळतं. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते ४,००० वरून ८,००० रुपये झालं आहे. अर्ज बोर्डाच्या पोर्टलवर भरायचा आणि छाननी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय करतं. ज्यांना ही मदत सर्वांत जास्त लागते त्यांच्याकडे मोबाइलही नसतो, आणि डिस्चार्ज बुकाची (सैन्यातून सुटल्याच्या नोंदवहीची) पानं ट्रंकेत वाळवीनं खाल्लेली असतात. बुक गहाळ असेल तर आधी आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे दुय्यम प्रत मागावी लागते. त्यासाठी सैन्य क्रमांक, रेजिमेंट आणि भरतीचं साल हवं. हे तीन तपशील घरात कुठे लिहिलेत का, ते आजच शोधा.

आता ज्यांना पेन्शन आहे त्यांचं. समजा, सुटताना मूळ पगार आणि मिलिटरी सर्व्हिस पे मिळून ३६,००० रुपये होते. पेन्शन निम्मी, म्हणजे १८,०००. घर बांधायचं, शेतात बोअर घ्यायचा, बहिणीचं लग्न करायचं, म्हणून बरेच जण पेन्शनचा ५० टक्के भाग विकून एकरकमी पैसे घेतात. मग पुढची १५ वर्षं दरमहा ९,००० कापले जातात. महागाई भत्ता पूर्ण १८,००० वर मिळतो, एवढाच दिलासा. माणूस चाळिशीच्या आसपास घरी येतो आणि मुलांच्या शिक्षणाची सगळी वर्षं या कापलेल्या पेन्शनवर जातात. पंधरा वर्षांनी कपात थांबायला हवी. ती थांबली की नाही, हे ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवरच्या महिन्याच्या स्लिपमध्ये स्वतः पाहा.

वन रँक वन पेन्शनबद्दलही गैरसमज आहे. हुद्दा सारखा आणि सेवेची वर्षं सारखी असतील तर पेन्शन सारखी, असा तो नियम आहे. १ जुलै २०१४ पासून लागू झाला, दर पाच वर्षांनी आकडे सुधारतात, म्हणून २०१९ आणि २०२४ मध्ये ते बदलले. ज्याला पेन्शनच नाही त्याला यातून काही मिळत नाही. ७ नोव्हेंबर २०१५ च्या आदेशानंतर स्वतःच्या विनंतीवरून लवकर सुटणाऱ्यांनाही तो लागू नाही.

‘तो गेला तर बायकोला आपोआप पेन्शन’

मजकुरातला सर्वांत घातक शब्द ‘आपोआप’.

फॅमिली पेन्शन हा विधवेचा हक्क आहे. निवृत्तीनंतर पतीचा मृत्यू झाला तर आधी वाढीव दरानं, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ५० टक्के. ही मुदत सात वर्षं किंवा पतीचं वय ६७ झालं असतं तोवर, यात जे आधी येईल ते. नंतर ३० टक्के. वरच्या उदाहरणात १०,८०० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता. किमान रक्कम ९,००० आहे. पतीनं विकलेल्या भागाची कपात विधवेच्या पेन्शनमधून होत नाही.

पण हे सुरू होतं ते पीपीओत (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) तिचं नाव बरोबर असेल तर. खान्देशात गोची कुठे होते ते पाहा. लग्नानंतर पार्ट टू ऑर्डर (घरच्या बदलाची युनिटमधली अधिकृत नोंद) निघाली तेव्हा युनिटच्या क्लार्कनं ‘सुमनबाई’ लिहिलं. आधारवर ‘सुमन’, पॅनवर नवऱ्याच्या नावासकट ‘सुमन’, बँकेत माहेरचं नाव. जन्मतारीख एका कागदावर १ जून आणि दुसरीकडे नुसतं साल. गावात ही एकच बाई आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण संगणकासाठी त्या चार बाया असतात, आणि पेन्शन अडकते.

पती हयात असताना हे दुरुस्त करणं तुलनेनं सोपं आहे, कारण अर्जावर त्याची स्वतःची सही असते. डिस्चार्ज बुक, पीपीओ, दोघांचं आधार आणि पॅन, लग्नाचा दाखला, जोडफोटो आणि ‘ही सर्व नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत आपल्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा. तोफखान्याचं रेकॉर्ड नाशिक रोडला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. तिथून दुरुस्ती झाली की सुधारित पीपीओ निघतो. तो ‘स्पर्श’वर दिसेपर्यंत काम झालं असं धरू नका. घरात मतिमंद किंवा कायमचं अपंग मूल असेल तर त्याचं नावही आईवडील असतानाच नोंदवा. त्याला पुढे फॅमिली पेन्शन मिळू शकते, पण मागाहून सिद्ध करायला फार जड जातं.

मृत्यू झालाच तर दोन गोष्टी लगेच. पहिली, मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत, आणि दाखल्यावर नाव पीपीओतल्यासारखं. गावात सगळे ‘आप्पा’ म्हणतात म्हणून दाखल्यावर टोपणनाव गेलं की पुढचे सहा महिने त्यातच जातात. दुसरी, मृत्यूची माहिती बँकेला आणि ‘स्पर्श’ला कळवा आणि त्यानंतर खात्यात आलेली पेन्शन काढू नका. तेराव्याच्या खर्चासाठी एटीएममधून काढलेले पैसे नंतर वसूल होतात.

दरवर्षीचा हयातीचा दाखला हाही याचाच भाग. तो काढायचा नोव्हेंबर म्हणजे आपल्याकडे कापूस वेचणीचा महिना. वेचून वेचून बोटांचे ठसे झिजलेल्या बायांचा अंगठा यंत्र घेत नाही, आणि सेंटरवाला ‘उद्या या’ म्हणतो. उद्या पुन्हा तेच होतं. त्यावर चेहरा ओळखून दाखला काढण्याची सोय आहे. साध्या अँड्रॉइड फोनवर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन अॅप लागतात. फोटो घेताना चेहऱ्यावर उजेड हवा आणि पदर थोडा मागे. फॉर्म भरताना नेहमीची चूक म्हणजे पेन्शन देणारी संस्था म्हणून बँकेचं नाव निवडणं. पेन्शन ‘स्पर्श’वर गेलेली असेल तर मंजुरी देणारे ‘डिफेन्स, पीसीडीए पेन्शन अलाहाबाद’ आणि वितरण करणारे ‘स्पर्श, पीसीडीए पेन्शन अलाहाबाद’ असंच निवडायचं. नाहीतर दाखला निघतो, मेसेज येतो, पण तो पोहोचायला हवा तिथे पोहोचत नाही आणि पेन्शन थांबते. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरात नेटवर्क नसेल तर सहीचा कागदी दाखलाही चालतो.

‘दवाखाना फुकट’

ईसीएचएस १ एप्रिल २००३ ला सुरू झाली, आणि ती वर्गणीवर चालते. शिपायापासून हवालदारापर्यंत एकरकमी ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७,०००, अधिकारी १,२०,०००. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेले आणि युद्धविधवा यांना वर्गणी माफ आहे. ज्याला पेन्शन नाही अशा जवानाला साधारणपणे यात जागाच नाही.

कार्ड असलं तरी हव्या त्या हॉस्पिटलात सरळ जाता येत नाही. आधी पॉलिक्लिनिक (ईसीएचएसचा स्वतःचा दवाखाना), तिथून रेफरल, म्हणजे पुढे पाठवण्याची चिठ्ठी, मग यादीतलं हॉस्पिटल. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी जिल्ह्याच्या गावी जायचं म्हणजे एसटीनं अख्खा दिवस मोडतो, म्हणून म्हातारी माणसं गोळ्याच बंद करतात. हे फार वाईट आहे, कारण पुढचं अर्धांगवायूचं दुखणं त्यातूनच येतं.

तातडीच्या वेळेचा नियम मात्र घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. हार्ट अटॅक, अपघात, सर्पदंश असेल तर रेफरलची वाट पाहू नका, जवळच्या हॉस्पिटलात न्या. यादीतलं असेल तर दाखल करतानाच ईसीएचएस कार्ड दाखवा, कळवण्याचं काम हॉस्पिटलचं. यादीबाहेरचं असेल तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला तुम्ही कळवायचं, शक्यतो लेखी. बिलं, डिस्चार्ज समरी आणि तातडी होती असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र मूळ प्रतीत जपा. परतावा सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) दरानं मिळतो, बिल कितीही असो. बिल आणि दर यांतला हा फरक खिशातून जातो, तेव्हा जीव स्थिरावला की यादीतल्या हॉस्पिटलात हलवणं शहाणपणाचं.

‘सरकारी नोकरी राखीव’

महाराष्ट्रात गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर (म्हणजे प्रत्येक जातप्रवर्गाच्या आतलं) आरक्षण आहे, केंद्रात गट क ला १० आणि गट ड ला २० टक्के. राखीव म्हणजे दिलेली नव्हे. परीक्षा द्यावीच लागते, आणि वीस वर्षं सीमेवर काढलेल्या माणसाला पंचविशीतल्या पोरांसोबत अंकगणित आणि व्याकरण सोडवावं लागतं. पात्र माजी सैनिक मिळाला नाही की जागा त्याच प्रवर्गातल्या इतरांना जाते.

सुटण्याला एक वर्ष उरलं असतानाच अर्ज करता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणखी एक गोष्ट. केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोकरीत रुजू झालात की माजी सैनिक म्हणून आरक्षणाचा फायदा संपतो. अपवाद एकच: रुजू होण्याआधी जिथे जिथे अर्ज केले त्यांची तारीखवार यादी रुजू होतानाच लेखी द्या, म्हणजे त्यातल्या पुढच्या नोकरीसाठी फायदा टिकतो. कचेरीतल्या शिपायाच्या जागेवर घाईनं रुजू होऊन दोन महिन्यांनी लागलेल्या चांगल्या निकालावर पाणी सोडलेले लोक या एका कागदावाचून अडले आहेत.

टोल, कॅन्टीन, घरपट्टी

टोल: निवृत्त सैनिकाला खासगी गाडीसाठी राष्ट्रीय महामार्गावर माफी नाही. २००८ च्या शुल्क नियमांत परमवीर, अशोक, महावीर, कीर्ती, वीर आणि शौर्य चक्र मिळालेल्यांना फोटो ओळखपत्रावर आहे. मजकूर दाखवून नाक्यावर वाद घातला तर त्या वृद्ध माणसाचाच अपमान होतो.

कॅन्टीन: तिथे वस्तू फुकट नसतात, कर कमी असतो आणि महिन्याची मर्यादा असते.

घरपट्टी: २०२० पासून राज्यात माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका राहत्या घरापुरती माफी आहे. घर भाड्यानं दिलेलं नको, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे अर्ज करावा लागतो. घर अजून वडिलांच्याच नावावर असेल तर आधी नमुना ८ वर (ग्रामपंचायतीच्या घरनोंदीत) नोंद बदलून घ्या, नाहीतर अर्ज परत येतो.

‘मग गावानं काय करायचं?’

शाल-नारळ द्याच, तो मान त्यांचा आहे. पण त्याच दिवशी ग्रामपंचायतीत एक टेबल, एक झेरॉक्स मशीन आणि नीट लिहिता येणारी दोन मुलं बसवा. गावातल्या प्रत्येक माजी सैनिकाची आणि विधवेची वही करा: सैन्य क्रमांक, रेजिमेंट, पीपीओ आहे का, पत्नीचं नाव पीपीओ, आधार, पॅन आणि बँक या चारही कागदांवर सारखं आहे का, ईसीएचएस कार्ड, घरपट्टीचा अर्ज, पेन्शन नसेल तर वय. हवालदार हुद्द्यापर्यंतच्यांना मुलांच्या शिक्षणाचं आणि मुलीच्या लग्नाचं अनुदान आहे, त्याचा रकानाही ठेवा. लग्नाचा अर्ज १८० दिवसांत जायला हवा, म्हणून तारीख लिहा. माजी सैनिकाच्या मुलाला किंवा मुलीला बारावीत ६० टक्क्यांवर गुण असतील आणि व्यावसायिक शिक्षणाला प्रवेश मिळाला असेल तर पंतप्रधान शिष्यवृत्ती पाहा: मुलींना दरमहा ३,०००, मुलांना २,५००. शिकायला बाहेर राहायचं असेल तर जळगाव आणि धुळ्याला सैनिकी वसतिगृहं आहेत.

वहीतल्या ज्या ज्या नावापुढे पत्नीच्या नावाचा घोळ दिसेल, त्यांचे कागद पहिले हातात घ्या, आणि त्यातही वयानं सर्वांत मोठा जो असेल त्याचे सर्वांत आधी. ग्रामपंचायतीत लग्नाच्या दाखल्याचा अर्ज त्याच दिवशी द्या, कारण सगळं थांबतं ते बहुधा त्या एका कागदासाठी.