‘वाशी-नेरूळ म्हणजे नुसती दलदल होती’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आपलं म्हणणं असं, की नवी मुंबईतल्या वाशी-नेरूळला आधी दलदलच होती, १९७० नंतर सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने शहर घडवलं आणि माझ्या लेखात इथल्या मूळ गावांना उगाच मोठेपणा दिला. आराखडा नियोजनकारांचा, हे मान्यच. ‘दलदल’ मात्र मान्य नाही.

ती खारजमीन होती, आगरी-कोळ्यांनी खाडीकडून मिळवलेली. चिखलाचा बांध घालायचा, त्यात उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, बसवायची. उघाडीचं दार वरून टांगलेलं, खाडीकडे उघडणारं. भरतीचं पाणी त्याला दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. दारात ओंडका अडकला किंवा खेकड्यांनी बांध पोखरून खांड पडली, की शेतात खारं पाणी शिरलंच. मग पावसाचं पाणी शेतात तुंबवायचं, ओहोटीला सोडायचं, परत तुंबवायचं. एका पावसाळ्यात खारेपणा जाईलच असं नाही. म्हणून तर इथे राता भात, खारं सोसणारा. दलदलीत एवढे कष्ट कोण उपसतं?

सिडकोचे धारण तलावही, म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवणारे तलाव, याच तत्त्वावर चालतात, फक्त उघाडीच्या जागी झडपा आल्या. तलावात गाळ साचला, कांदळवन वाढलं की पाणी मावत नाही, आणि मोठी भरती व जोराचा पाऊस एकाच वेळी आले की ते सेक्टरमध्ये तुंबतं.

‘साडेबारा टक्के मिळाले, अजून काय हवं?’ असंही आपण विचारता. म्हणजे संपादित जमिनीच्या बदल्यात तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड. हिशेब बघा. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के ५ गुंठे. त्यातले ३० टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापले जातात. हाती साडेतीन गुंठे, म्हणजे सुमारे ३५४ चौरस मीटर. आणि हेही आपसूक मिळालेलं नाही. जानेवारी १९८४ मध्ये प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यातल्या जासई परिसरात आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, त्यानंतरची ही योजना. शेती संपादनात गेली, गावठाणं राहिली. शिरवणे, करावे, दारावे इथे सेक्टरचे सरळ रस्ते गावठाणाशी येऊन थांबतात ते त्यामुळेच.

आपली एक दुरुस्ती मात्र रास्त आहे. नवी मुंबई प्रकल्पातली ९५ गावं सगळी नवी मुंबई महापालिकेत नाहीत, पनवेल आणि उरण तालुक्यांतलीही त्यांत आहेत. लेखातलं ते वाक्य बदलतो.