बाबांचा कॉम्प्युटर बदलायचाय? आधी शेजारी खुर्ची टाकून बसा

गेल्या ऑक्टोबरपासून आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच विषय आहे. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि घरोघरच्या ज्येष्ठ मंडळींच्या स्क्रीनवर ती सूचना यायला लागली, की लगेच त्या सूचनेचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो, ट्यूबलाइटच्या रिफ्लेक्शनसकट, ग्रुपवर हजर. खाली एकच ओळ, "हे काय आलंय?" आणि त्याखाली सगळ्या आयटीवाल्या पोरांचे सल्ले. नवीन घेऊन टाका. लिनक्स (विंडोजऐवजी टाकायची दुसरी सिस्टीम) टाका. टॅबच घ्या सरळ. काही होत नाही हो, दुर्लक्ष करा. ज्याने विचारलंय त्याला तू कॉम्प्युटरवर करतोस तरी काय, हे मात्र कुणीही विचारत नाही.

माझं यावर एक मत झालंय आणि ते जरा सविस्तर लिहायचंय, कारण या महिन्यांत माहेरी साताऱ्याला आईबाबांचं आणि सांगलीला आत्याचं अशी दोन्हीकडची कामं केली. मी स्वतः आयटीत नाही, बँकेत आहे. आयटीत आमचा दादा आहे, हिंजवडीला, आणि त्याच्याइतका वाईट शिक्षक मी पाहिलेला नाही.

"या वयात त्यांना नवीन जमत नाही" हे वाक्य आधी बंद करूया. बाबा जिल्हा परिषदेत होते. मराठी टायपिंगची परीक्षा टाइपरायटरवर दिली, मग ऑफिसात कॉम्प्युटर आले, मग एमएस-सीआयटी आली (२००१ ला सुरू झाली ती), सर्टिफिकेट नसेल तर वेतनवाढ अडकते म्हणून सगळं ऑफिस संध्याकाळी क्लासला जाऊन बसायचं, आपल्या पोरांच्या वयाच्या सरांकडून शिकायचं. ज्या माणसाने कार्बन पेपरपासून एक्सेलपर्यंतचा प्रवास नोकरी सांभाळून केला त्याला स्टार्टचं बटण मधे गेलेलं समजणार नाही? समजतं की. फक्त आपण त्यांच्यासमोर जे करतो ना, खट खट खट सहा ठिकाणी क्लिक, चार खिडक्या उघडल्या चार बंद केल्या आणि "हे बघा, झालं", त्यातून कुणालाच काही समजणार नाही.

दादा नेमकं हेच करतो. बाबांनी काही विचारलं की हा माउस हातातून काढून घेतो. बाबा मागे सरकून बसतात, चष्मा वर करून बघत राहतात आणि शेवटी "हां हां" म्हणतात. त्या "हां हां"चा अर्थ समजलं असा नसतो, तुझी घाई दिसतीये बाबा, असा असतो. म्हणून मी नियम केला, साताऱ्याच्या घरात माउसला हात लावायचा नाही. तोंडाने सांगायचं, बोटाने दाखवायचं, वेळ लागला तर लागू दे. दादाला हे फार अवघड गेलं, त्याला अक्षरशः हाताची घडी घालून बसावं लागायचं.

तर काय करायचं हे ठरवायच्या आधी मी एका रविवारी बाबांच्या शेजारी खुर्ची टाकून नुसती बसले आणि म्हणलं, रोज करता ते करा. त्यात जे दिसलं ते फोनवर वर्षभर विचारूनही कळलं नसतं. सोसायटीच्या मेंटेनन्सची एक्सेल शीट ते फाइलच्या जागेवरून कधीच उघडत नाहीत, एक्सेल उघडून त्यातल्या अलीकडच्या यादीतून उघडतात. म्हणजे कॉम्प्युटर बदलला की ती यादी कोरी आणि बाबांच्या लेखी फाइल गेली! बाकी सगळं डेस्कटॉपवर, आयकॉनच्या रांगा, त्यात नवीन, नवीन१, नवीन फायनल. बँकेची साइट उघडायला गुगलवर बँकेचं नाव टाकायचं आणि जे पहिलं येईल त्यावर क्लिक. हे बघून माझ्या पोटात गोळा आला, कारण वरती कधीकधी जाहिराती येतात आणि त्यात खोट्या साइटही असतात. त्या दिवशी बाकी काही केलं नाही, फक्त बँकेचा बुकमार्क करून दिला आणि नेहमी यावरूनच जायचं हे ठरवलं.

सगळ्यात भारी प्रकार नोटिशीचा. सोसायटीची नोटीस बाबा जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करायचे, प्रिंट काढायचे, त्या प्रिंटचा मोबाइलने फोटो काढायचे आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे. मी म्हणलं, बाबा, सरळ कॉपी करून टाका की. तर म्हणाले, "अगं केलं होतं एकदा, सगळं इंग्रजी कचरा गेला, लोक म्हणले सेक्रेटरींचं डोकं फिरलं." बरोबरच आहे त्यांचं. ते जुने फॉन्ट युनिकोड (सगळीकडे सारखीच उमटणारी अक्षरांची पद्धत) नाहीत, आत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट वरून त्यांना मराठी मुखवटा चढवतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं की मुखवटा गळून पडतो. आपल्याकडच्या हजारो रिटायर्ड क्लार्क, मास्तर, पतसंस्थावाल्यांचा खरा अडसर हा आहे. परदेशातल्या कुणी केलेला व्हिडिओ बघून त्यांना लिनक्सवर न्यायला निघालात तर पहिल्या नोटिशीलाच गाडी अडकणार, कारण फॉन्टची फाइल टाकून अक्षरं दिसतील एकवेळ, पण ते टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजसाठी केलेलं असतं. हिशेबाच्या टॅलीचंही तेच.

आता मशीनचं. पुढच्या विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१७ च्या अखेरीनंतरचा. बाबांचा पीसी सहाव्या पिढीतला, आईचा लॅपटॉप त्याहून जुना. दोन्ही धडधाकट, पण नवीन विंडोजच्या यादीत नाहीत. आडवाटेने टाकता येतं हे मला माहितीये, दादाने लगेच सांगितलंच, पण पुढच्या अपडेटला काही बिघडलं तर साताऱ्याला कोण जाणार? तो नाही जाणार.

दादाचा आग्रह होता की सगळ्यांना एकच सिस्टीम टाकू, म्हणजे त्याला सपोर्टला सोपं. इथेच आमचं वाजलं. आईचं आणि बाबांचं काम एक नाही तर उत्तर एक कसं असेल? दर माणसागणिक वेगळं ठरवायचं, मग आपल्याला तीन तऱ्हा लक्षात ठेवाव्या लागल्या तरी चालेल. तरुण आपण आहोत ना, मग लक्षात ठेवूया की.

आईचं काम काय, तर यूट्यूबवर कीर्तन, नातवंडांचे फोटो, लाइट बिल आणि पत्ते. तिच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं. फुकट आहे, त्याच्या २२ मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत, मेनू खाली डावीकडे कोपऱ्यात आहे, ब्राउझर तोच. आईला फरक जाणवला तो फक्त पत्त्यांत. सॉलिटेअर वेगळं टाकून दिलं तर म्हणाली, "हा राजा वेगळाच दिसतोय, पण चालेल." अक्षरं मोठी करून दिली, ती तर म्हणे पहिल्यापासूनच मोठी हवी होती. इतकी वर्षं ती बारीक अक्षरं डोळे ताणून वाचत होती आणि आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं! "ऑपरेटिंग सिस्टीम" हा शब्द तिच्यासमोर कुणी उच्चारला नाही. गरजही नाही. गॅसची एजन्सी बदलली म्हणून पोळ्या वेगळ्या लाटाव्या लागतात का?

बाबांना मात्र विंडोजच ठेवलं, एक रिफर्बिश्ड (वापरलेलं, पण दुरुस्त करून विकलेलं) मशीन घेऊन ११ वर. इथे मी दोन दिवस मोकळे काढून गेले होते. पहिलं काम म्हणजे स्टार्टचं बटण मधून उचलून परत डावीकडे, टास्कबारच्या सेटिंगमध्ये ते मिळतं. मग जुन्या डेस्कटॉपचा फोटो समोर ठेवून सगळे आयकॉन त्याच जागी, त्याच क्रमाने लावले, "नवीन फायनल"सकट. मला ती नावं बघून हात शिवशिवत होते पण एकाही फाइलचं नाव बदललं नाही. आवरून द्यायचा मोह होतो ना आपल्याला, तो टाळायचा. तो पसारा त्यांना पाठ आहे. एक्सेल उघडून त्यांच्या रोजच्या शीट एकेकदा उघडून बंद केल्या, म्हणजे अलीकडच्या यादीत त्या आयत्या आल्या.

आणखी एक गोष्ट आधीच बघून ठेवा. ११ सेटअप करताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं आणि त्यात वनड्राइव्हचा (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण) बॅकअप चालू झाला तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट सगळं तिकडे जातं, फुकटात जागा ५ जीबी, मग जागा संपली जागा संपली म्हणून सारख्या सूचना आणि त्याचे परत तिरके फोटो ग्रुपवर. ठेवायचं असेल तर समजावून ठेवा, नाहीतर बंद करा, पण आपोआप काय झालं ते होऊ देऊ नका.

राइट क्लिकवर पण बाबा अडले. जुन्या मेनूत कट, कॉपी शब्दांत लिहिलेलं असायचं आणि ११ मध्ये त्याची छोटी चित्रं वरती गेलीत (नंतरच्या अपडेटमध्ये खाली शब्द आले म्हणा), बाकीच्या बऱ्याच गोष्टी "शो मोअर ऑप्शन्स"च्या मागे. मी त्यांना ते मेनू शिकवत बसलेच नाही. कंट्रोल सी, कंट्रोल व्ही, कंट्रोल पी. टायपिस्ट माणूस आहे, बोटं कीबोर्डवरच असतात, एका संध्याकाळत बसलं. आणि ते विंडोज असो की लिनक्स, तसंच चालतं.

हे सगळं त्यांनी वहीत लिहून घेतलं, आणि या वहीबद्दल मी फार आग्रही आहे. लिहायचं त्यांनीच, त्यांच्या भाषेत. दादाने एक सुंदर पीडीएफ केली होती, स्क्रीनशॉट, लाल बाण वगैरे, ती कुणी उघडली नाही. बाबांच्या वहीत आहे, "हिरव्या चौकोनावर दोनदा दाबणे. थांबणे. घाई करू नये." पुढे, "प्रिंट आली नाही तर आधी प्रिंटरचा दिवा पाहणे, मग मुलीला फोन." ऑफिसच्या टिप्पणीची भाषा आहे, पण त्यांना ती बरोबर कळते.

युनिकोडमधल्या मराठी टायपिंगला बाबा तयार होतील असं वाटलं नव्हतं. विंडोजमध्ये मराठीचे इनस्क्रिप्ट (सरकारी मांडणी) आणि फोनेटिक (इंग्रजी उच्चारावरून) असे दोन कीबोर्ड असतात, टाइपरायटरचा मात्र वेगळा टाकावा लागतो. मी तो टाकून दिला, म्हणजे बोटांना काही नवीन शिकायला नको, भाषा बदलायला विंडोजचं बटण आणि स्पेस. पहिली नोटीस युनिकोडमध्ये टाइप झाली, पाणी उद्या सकाळी येणार नाही अशी, आणि कॉपी करून थेट ग्रुपवर गेली. बाबांनी ती तीनदा वाचली. मग दोन जणांना फोन करून विचारलं, "मराठीत दिसतंय ना?" त्यानंतर ते स्वतःहून जुन्या नोटिशी एकेक करून बदलायला बसलेत, रोज दुपारी. सांगितलं कुणीच नव्हतं. त्यांची स्वतःची अडचण सुटली म्हणून बसलेत. नवीन आहे, फास्ट आहे, सुरक्षित आहे हे त्यांना सांगून काहीही होत नव्हतं.

दुरून मदत करायचा विषय जरा नाजूक आहे. पुण्यात बसून साताऱ्याची स्क्रीन बघता येते, सोय मोठी आहे, पण आपण त्यांना शिकवतो काय, तर फोन आला की स्क्रीनवरचा नंबर सांगायचा आणि परवानगी द्यायची. ठग लोक नेमकं हेच करायला लावतात! २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही अशा स्क्रीन ताब्यात घेणाऱ्या अ‍ॅपबद्दल सावध केलं होतं. म्हणून आमच्याकडे ठरलंय की फोन नेहमी त्यांनी मला करायचा, मी केला तरी ठेवून परत त्यांनी करायचा. स्क्रीनवर "व्हायरस आलाय, या नंबरवर फोन करा" असं काही आलं तर सरळ मेन स्विच. दादा म्हणाला असं मशीन बंद करू नये. मी म्हणलं, करू देत! वहीच्या पहिल्या पानावर १९३० लिहून ठेवलाय, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

राहिली आत्या. तिच्याकडे गेले, खुर्ची टाकून बसले, सगळं बघितलं, आणि तिने स्पष्ट सांगितलं की मला काहीही बदलायचं नाहीये. बरं, म्हणलं. माझ्या मते हेही उत्तर धरलं पाहिजे, दर वेळी आपलंच खरं कशाला? तिच्या विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेट चालू करून दिले. घरगुती वापरासाठी ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर सेटिंगचा बॅकअप चालू केला तर पैसेही पडत नाहीत. दुकानदार तिला नवीनच घ्या म्हणून मागे लागला होता, त्याच्या दुकानात कुणी हे सांगितलं नाही.

पुढचं काय, असं मागच्या आठवड्यात विचारलं तर म्हणाली, "दिवाळी झाली की बघू." दिवाळी यंदा नोव्हेंबरात आहे, म्हणजे अपडेटची ती तारीख उलटून गेल्यावर. तिला तारखेवरून पटवण्यात अर्थ नाही, गणपतीला सांगलीला जाणारच आहे तेव्हा बसेन परत शेजारी. दादाला नेणार नाहीये.